दगड कोणी ओढला?

निवृत्त झाले त्या दिवशी संस्थेतल्या सहकाऱ्यांनी मला पितळेचं एक देखणं होकायंत्र भेट दिलं. डबीवर माझं नाव कोरलेलं. मी आभार मानले आणि म्हणाले, "इतकी वर्षं ज्याच्यावर विसंबू नका म्हणून विद्यार्थ्यांना सांगत आले, नेमकं तेच तुम्ही मला दिलंत." सगळे हसले. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, आणि ती उत्तर जागा बदलत असते. मला हवी असायची ती खरी उत्तर, पृथ्वी ज्याच्याभोवती फिरते त्या आसाची.

मी सर्व्हेअर. मराठीत भूमापक म्हणता येईल, पण तो शब्द ऐकला की आपल्या लोकांना सातबारा आणि बांधावरची भांडणं आठवतात. जर्मनीतल्या बॉनमधल्या एका संशोधन संस्थेत मी पुरातन इमारतींची मापं घेण्याचं काम केलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं त्या इमारती म्हणजे इजिप्तमधले पिरॅमिड होते. दर हिवाळ्यात काही आठवडे गिझाच्या पठारावर, बाकी वर्ष बॉनमध्ये संगणकासमोर. पिरॅमिड म्हटलं की लोकांना ममी हव्या असतात, शाप हवे असतात, गुप्त दालनं तर हवीच असतात. मी मात्र फक्त पिरॅमिडच्या कडा शोधल्या. माझी मुलगी किंडरगार्टनमध्ये असताना तिला कोणी तरी विचारलं, तुझी आई काय करते? ती म्हणाली, "मामा झूख्ट नॉर्डन." आई उत्तर शोधते. याहून चांगलं वर्णन पुढे कोणी केलं नाही.

आता कडा शोधायच्या म्हणजे काय, ते सांगते. एवढा डोंगराएवढा पिरॅमिड समोर उभा, त्याची कड काय शोधायची, असं कोणालाही वाटेल. पण आज आपण बघतो तो आतला खडबडीत गाभा. त्याच्यावर पूर्वी गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीचं आवरण होतं. ते दगड नंतरच्या लोकांनी काढून नेले आणि आपापल्या इमारतींना वापरले. आवरणाचे थोडे दगड पायथ्याशी उरलेत, आणि जिथे दगड नाहीत तिथे खालच्या फरशीवर ते कुठे टेकले होते त्याच्या खुणा उरल्यात. आम्ही गुडघ्यांवर बसून ब्रशने वाळू झाडायची, खूण सापडली की टोटल स्टेशन नावाच्या दुर्बिणीच्या यंत्राने तिची जागा नोंदवायची. अशा खुणा जोडून मूळ बाजू काढायची आणि ती खऱ्या उत्तरेपासून किती ढळली ते पाहायचं. मोठ्या पिरॅमिडची बाजू दोनशे तीस मीटर लांब आहे. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाताना ती उत्तरेपासून जेमतेम वीतभर सरकते. होकायंत्र नसलेल्या माणसांनी हे केलं. कसं केलं, याबद्दल दोन-तीन चांगले तर्क आहेत, काही ताऱ्यांचे, काही सूर्याच्या सावलीचे. खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही.

अशा धंद्यात चित्रविचित्र माणसं भेटतात. एका बाईंनी पिरॅमिडच्या आकाराच्या टोपलीत टोमॅटो ठेवले होते आणि ते सडत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दर महिन्याला टोमॅटोचे फोटो पाठवत. तिसऱ्या महिन्यात फोटो यायचे बंद झाले. फ्रँकफुर्टहून एका मराठी आयटीवाल्या मुलाचा फोन आला. "ताई, तुम्ही उत्तर काढता म्हणे. आमच्या नवीन फ्लॅटमध्ये देवघर ठेवायचंय, ईशान्य काढून द्याल का?" मी त्याला म्हटलं, "बाळा, मी बौद्ध आहे, देवघरातलं मला काही विचारू नकोस, पण दिशा सांगते. बाल्कनीत एक काठी उभी कर आणि दिवसभर तिची सावली बघ." त्याने दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, "ताई, बाल्कनीत ऊनच येत नाही हो." मग बाल्कनी उत्तरेलाच होती. प्रश्न तिथेच सुटला.

पण ज्या माणसाबद्दल लिहायला बसले ते हेर लोमान. हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत, जसं फ्राऊ म्हणजे श्रीमती. कार्लहाइन्त्स लोमान.

विक्षिप्त लोकांचे फोन आले की ते माझ्याकडे द्यायचे, असा संस्थेत अलिखित नियमच झाला होता. मी परदेशी, त्यात बाई, म्हणजे मला धीर जास्त असा काही तरी हिशेब असावा. एका सोमवारी फोन वाजला.

"लोमान, र्युसेल्सहाइमहून. पिरॅमिड कसे बांधले ते मला कळलंय."

"अरे वा," मी म्हणाले. "आम्हाला अजून पूर्ण कळलेलं नाही. सांगा."

"सांगू?" त्यांनी विचारलं. बहुधा एवढ्यात फोन ठेवला जातो याची त्यांना सवय असावी. मग ते बोलायला लागले. त्यांची सगळी नोकरी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात, प्रेसशॉपमध्ये गेली होती. पत्र्याचे दरवाजे, बॉनेट ठोकून काढणारी अवाढव्य यंत्रं सांभाळायची. आता निवृत्त. त्यांचा सिद्धांत असा: पिरॅमिडच्या पोटात पाण्याने भरलेली उभी विहीर होती. दगडाला हवेने फुगवलेल्या कातडी पिशव्या बांधायच्या आणि खालून विहिरीत सोडायचा. माइन नदीवर बोटी खालच्या पातळीवरून वर चढवायला दारं लावलेले हौद असतात ना, तशी विहिरीलाही दारं. दगड तरंगत वर येणार.

"म्हणजे कोणीही ओढायची गरज नाही," ते म्हणाले. "एकाही माणसाने नाही."

मी त्यांना दोन अडचणी सांगितल्या. एवढ्या उंच पाण्याच्या तळाशी प्रचंड दाब असतो, आणि दाराच्या फटी बुजवायला त्यांच्याकडे रबर नव्हतं. शिवाय पठारावर तेवढं पाणी चढवायचं कोणी? "हो, हो," ते म्हणाले, "त्याचा विचार चालू आहे." त्यानंतर ते अधूनमधून फोन करत राहिले, आणि आमचं कुठलंही जाहीर व्याख्यान असलं की र्युसेल्सहाइमहून ट्रेनने बॉनला येऊन तिसऱ्या रांगेत बसत. उंच, हाडं रुंद, करडी टोपी, इस्त्रीचा शर्ट. व्याख्यान संपलं की हात वर. प्रश्न दर वेळी पाण्याचाच. आमच्यातले तरुण त्यांना 'वासरमान' म्हणायला लागले, पाणीवाला.

एकदा त्यांनी मला विचारलं, की निदान दिशा तरी यंत्राशिवाय कशी काढली ते दाखवाल का. मी त्यांना उन्हाळ्यातला एक निरभ्र दिवस बघून बोलावलं. संस्थेच्या हिरवळीवर एक काठी रोवली, ओळंबा लावून ती सरळ केली आणि दोरीने तिच्याभोवती एक वर्तुळ काढलं. सकाळी काठीची सावली लांब असते, मग आखडत जाते आणि तिचं टोक वर्तुळाला शिवून आत शिरतं. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि टोक दुसऱ्या बाजूला वर्तुळाबाहेर पडतं. त्या दोन जागी खुंट्या मारायच्या. खुंट्यांना जोडणारी दोरी पूर्व-पश्चिम. तिच्या मध्यातून काठीकडे गेलेली रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. आपल्याकडेही जुन्या काळी देवळं बांधताना असंच काढत.

हेर लोमान यांनी स्वतः खुंट्या मारल्या. मधल्या वेळात बाकावर बसून घरून आणलेला पाव खाल्ला, मलाही अर्धा दिला. संध्याकाळी मी टोटल स्टेशन लावून फरक तपासला आणि त्यांना आकडा दाखवला. ते बराच वेळ खाली वाकून दोरीकडे बघत राहिले. आयुष्यभर मिलिमीटरच्या दहाव्या भागाशी झगडलेला माणूस तो. चांगलं काम त्याला लगेच कळत होतं.

"गेनाऊ," ते म्हणाले. अगदी अचूक. मग टोपी नीट करत, "दिशेचं मान्य आहे, फ्राऊ वानखेडे. पण सावलीला वजन नसतं. दगडाला असतं."

पुढच्या वर्षी संस्थेच्या खुल्या दिवशी ते त्यांचं मॉडेल घेऊन आले. पारदर्शक प्लास्टिकची, त्यांच्या उंचीची विहीर, आत सरकती दारं, खाली पंप. घरच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे खपून केलेली. जागा मागितली तर कोणी देणार नाही म्हणून न विचारताच त्यांनी ती सेमिनार हॉलच्या कोपऱ्यात उभी केली. लहान मुलं जमली. पहिला दगड खरंच तरंगत वर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दगडाच्या वेळी खालच्या दाराची कड फुटली आणि सगळी विहीर हॉलमध्ये रिकामी झाली. खुर्च्यांखालून, केबलींवरून पाणी. व्यासपीठावर बोलणारे आमचे नवे संचालक मधेच थांबले. कोणी तरी मोबाइल काढून चित्रण करायला लागलं.

हेर लोमान यांनी अंगातला कोट काढला आणि गुडघ्यांवर बसून त्या कोटाने ते फरशी पुसायला लागले. कोणाकडेही बघत नव्हते. मी सफाईच्या खोलीतून दोन मॉप आणले, एक त्यांना दिला, एक मी घेतला.

पुसून झाल्यावर मी त्यांना कँटीनमध्ये कॉफीला नेलं. 

"तुम्ही सगळे मला हसता," ते म्हणाले. "हसा. पण मला एक सांगा. या इमारतीत पिरॅमिडवर पुस्तकं लिहिणारी एवढी माणसं आहेत. त्यातल्या एकाने तरी मोठा दगड हलवलाय?"

मी विचार केला. मी दगड मोजले होते, त्यांचे फोटो काढले होते, त्यांच्यावर चढले होते. "नाही," मी म्हणाले. "कोणीच नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत की माणसांनी ओढले?"

दुसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. ते हाउसफरबोट काढणार होते, म्हणजे त्या गृहस्थांना आवारात पाऊल टाकायला लेखी बंदी. माणूस वाईट नव्हता, पण भिजलेला संगणक त्यांचा होता. मी म्हटलं, "बंदी घालण्याआधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ या. एक दगड ओढून बघू या."

"फ्राऊ वानखेडे, आणि कोणाची पाठ गेली तर?"

"विमा काढू."

त्यांनी भिजलेल्या संगणकाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "ती व्यवस्था तुम्ही करायची. आणि तो वासरमान तुमची जबाबदारी."

जर्मनीत दगड ओढण्यापेक्षा दगड ओढण्याची परवानगी काढणं अवघड आहे, एवढंच सांगते. हेर लोमान यांना मात्र मी सरळ विचारलं, "ओढायला माणसं लागतील. आणाल का?" त्यांना वाटलं होतं मी बंदीची बातमी द्यायला फोन केलाय.  मग म्हणाले, "माझी जुनी शिफ्ट आणतो. पण आधीच सांगतो, हलणार नाही."

र्युसेल्सहाइमजवळ एक वाळूची खाण होती. ती युसुफ यांच्या जावयाची. युसुफ म्हणजे लोमान यांचे प्रेसशॉपमधले सोबती, तरुणपणी तुर्कस्तानातून कामाला आलेले आणि इथेच राहिलेले. लाकडाची घसरगाडी स्वतः लोमान यांनी बनवली, ओकच्या दोन जाड पट्ट्या आणि आडव्या फळ्या. ती हलणार नाही अशी खात्री असूनही त्यांनी पट्ट्यांच्या कडा तासून, घासून इतक्या सुरेख गोल केल्या होत्या, की मी हात फिरवून बघितला. एका पाथरवटाने तडा गेलेला चुनखडीचा दगड उसना दिला. छोट्या मोटारीएवढा जड असेल. पिरॅमिडमधला साधारण दगड याच्या दुपटीहून जड असतो, आणि आतल्या ग्रॅनाइटच्या तुळया तर कित्येक पटींनी. पण आमच्या वयांना एवढा पुरे होता.

शनिवारी सकाळी ती शिफ्ट आली. पांढऱ्या केसांचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले जर्मन, तुर्की, इटालियन बाप्ये. आमच्या संस्थेतले थोडे विद्यार्थी. संचालकही आले, रबरी बूट घालून. क्रेनने दगड घसरगाडीवर ठेवला, दोन दोर बांधले आणि सगळे दोन रांगांत उभे राहिलो.

आधी कोरड्या वाळूवर. सगळ्यांनी जोर लावला. घसरगाडीच्या पुढे वाळूचा ढीग साचला आणि ती तिथेच रुतली. पुन्हा ओढली. दोर ताणले गेले, एक विद्यार्थी पालथा पडला, गाडी जागची हलली नाही.

"बघा," लोमान म्हणाले. पण जिंकलेल्या माणसासारखं म्हणाले नाहीत. त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. ते मला तेव्हा कळलं नाही.

एका प्राचीन थडग्याच्या भिंतीवर चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर बांधलेला, माणसांच्या रांगा दोर ओढतायत आणि गाडीच्या पुढे उभा एक जण घागरीतून वाळूवर पाणी ओततोय. पुष्कळ दिवस लोकांना वाटत होतं की तो काही धार्मिक विधी आहे. मग कोणी तरी खरंच वाळू भिजवून पाहिली. बेताने भिजवलेली वाळू घट्ट होते, पुढे ढीग साचत नाही आणि निम्म्या जोरात काम होतं. मी हे सगळ्यांना सांगितलं. युसुफ यांनी आपल्या बागेतली पाण्याची झारी आणली होती. त्यांनी सावकाश पाणी शिंपडलं. पहिल्यांदा जास्त झालं, चिखल झाला. बाजूच्या पट्ट्यावर पुन्हा केलं. समुद्राच्या ओल्या किनाऱ्यावर चालताना पाय रुतत नाही, तेवढी ओल.

क्रेनने दगड तिकडे हलवून पुन्हा रांगा लावल्या. ओढलं. गाडी कुरकुरली, बोटभर सरकली आणि थांबली. आता वाळूची चूक नव्हती. प्रत्येक जण आपापल्या वेळी ओढत होता. एकाचा जोर संपला की दुसऱ्याचा सुरू.

हे मला ओळखीचं होतं. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, पुलगावच्या बाजूला. मी लहान असताना त्यांचा डबा घेऊन रुळांवर जायची. सरकलेला रूळ पुन्हा जागेवर आणायचा म्हणजे सगळी गँग सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, लावून उभी राहायची आणि एक जण ओरडायचा. बाकीचे उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तराच्या ठोक्याला सगळ्या सब्बली एकदम दाबल्या जायच्या. वडील ओरडणारे होते. मी एकदा विचारलं होतं, बाबा, नुसतं ओरडल्यानं काय होते? ते म्हणाले होते, "ओरडलं नाही तर लोखंड आपलं आयकतच नाही, बाई."

मी दोर सोडला, बाजूला झाले आणि त्या जर्मन खाणीत, हेल्मेट घालून, पोटापासून ओरडले.

"लावा जोर..."

कोणाला काही कळलं नाही. मी हाताने खूण करून सांगितलं, तुम्ही म्हणा, हैशा. हैशा म्हणताना ओढा. फक्त तेव्हाच.

"लावा जोर!"

"हैशा!" दोन-चार आवाज. गाडी थरथरली.

"अजून थोडा!"

"हैशा!" आता सगळे. तुर्की हैशा, इटालियन हैशा, संचालकांचा प्राध्यापकी हैशा.

"आली आली!"

"हैशा!"

दगड सुटला. सुटला म्हणजे खरोखर घसरायला लागला, ओल्या वाळूवर घर्र आवाज करत, आणि एकदा चालायला लागल्यावर त्याचं वजन जणू कमी झालं. ओढणारे मागे मागे पाय टाकत होते आणि दगड त्यांच्याकडे येत होता. युसुफ पुढे पुढे झारी घेऊन धावत होते, हसत होते. वाळूचा पट्टा संपला तेव्हाच आम्ही थांबलो. सगळे धापा टाकत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

लोमान त्यात नव्हते. ते मागे, जिथून दगड निघाला होता तिथे, उघड्या वाळूवर बसले होते. चेहरा पांढराफटक. मी धावले. मला वाटलं, हृदयाचा झटका.

"डॉक्टर बोलवू?"

"नको." त्यांनी हात हलवला. "हलला."

"हो."

"मला वाटत होतं हलणार नाही. देवाशपथ, मला वाटत होतं की हलू नये."

मी त्यांच्याशेजारी बसले. दूर सगळे पाणी पीत होते. लोमान यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वाळूकडे बघत बोलायला लागले. त्यांचे वडील जर्मनीतल्याच आयफेलच्या डोंगरांत बसाल्टच्या खाणीत कामाला होते. लोमान शाळेत जायच्या वयाचे असताना एक दगड दोर तुटून घसरला आणि वडिलांच्या पायांवर आला. नंतर ते मागच्या खोलीत पलंगावर पडून होते. बराच काळ. आई दार लावून घ्यायची, पण ऐकू यायचंच. खाणीतून कोणी बघायला आलं नाही. वडील गेले तेव्हाही कोणी आलं नाही.

"म्हणून मी प्रेसशॉपमध्ये गेलो," ते म्हणाले. "तिथे यंत्र उचलतं. माणसाने उचलायचं नाही. पुढे एकदा टीव्हीवर तो पिरॅमिड बघितला. एवढे दगड. मी हिल्डेला म्हटलं, यातल्या प्रत्येक दगडाखाली कोणी ना कोणी माझ्या बापासारखा असणार. मला झोप लागेना. मग पाण्याची कल्पना सुचली." ते थांबले. "पाण्याने चढवले असते, तर कोणाला काही झालं नसतं."

 इतके दिवस आम्ही या माणसाच्या विहिरीतल्या चुका काढत होतो.

मग मी त्यांना मला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. पिरॅमिडजवळ कामगारांचं गाव सापडलंय. पाव भाजायच्या भट्ट्या, बिअर, मांस, कारण जड काम करणाऱ्यांना पोटभर लागतं. गुलामांच्या झुंडी चाबकाखाली, ही नंतर रंगवलेली गोष्ट. टोळ्या होत्या, आपल्या रेल्वेच्या गँगसारख्या, आणि त्यांनी आपली नावं दगडांवर रंगाने लिहून ठेवलीत. एक टोळी स्वतःला 'राजाचे सोबती' म्हणायची. त्या राजाच्या नातवाच्या पिरॅमिडवर दुसरी एक टोळी आहे, 'राजाचे बेवडे'.

लोमान किंचित हसले. "ती आमची शिफ्ट."

"आणि त्यांचं कब्रस्तानही सापडलंय. डोंगराच्या उतारावर, पिरॅमिड दिसतो तिथे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चेंगरलेले?"

"काही. मी हाडांची तज्ज्ञ नाही. ज्या आहेत त्यांना भेटवते. गिझाला येता?"

उठताना मी हात पुढे केला. तो धरून ते म्हणाले, "कार्लहाइन्त्स." जर्मनीत वयाने मोठ्या माणसाने असं पहिलं नाव दिलं की आपणही द्यायचं असतं, आणि मग दोघांनी एकमेकांना तू म्हणायचं.

"पुष्पा," मी म्हणाले.

हाउसफरबोट निघालं नाही. संचालकांनी पुढच्या व्याख्यानात त्या दगडाचं चित्रण दाखवलं आणि हैशाचा अर्थ मला उभं करून सांगायला लावला. मी वडिलांना पुलगावला फोन करून सगळं सांगितलं होतं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी ओरडून सांगत होते. पिरॅमिड कोणी बांधले, असं त्यांनी विचारलं. गँगनं, मी म्हणाले. "गँगनं? मंग सरळच असन," ते म्हणाले. त्यांना गिझाला नेऊन दाखवायचं मनात होतं. ते राहून गेलं. त्याच पावसाळ्यात ते वारले.

लोमान मात्र आले. त्या हिवाळ्यात, पत्नी हिल्डेबरोबर. मोठ्या पिरॅमिडपाशी हजारो प्रवासी, उंटवाले, फोटोवाले. त्यांनी वर मान करून एकदा बघितलं, आवरणाचा एक उरलेला दगड हाताने चाचपला, दोन दगडांमधल्या सांध्यावर नख फिरवलं. नख आत जाईना. "गेनाऊ," ते पुटपुटले. मग म्हणाले, "आता ते दुसरं दाखव."

कामगारांचं कब्रस्तान सगळ्यांना खुलं नसतं. माझी सहकारी नादिया, हाडांचा अभ्यास करणारी, तिने परवानगी काढली होती. चढावर मातीच्या विटांची, उरल्यासुरल्या दगडांची लहान लहान थडगी. काही घुमटासारखी, काही गुडघ्याएवढी. राजासाठी आणलेल्या ग्रॅनाइटच्या कपच्या त्यांनी आपल्या थडग्यांना लावल्या होत्या. तिथे आमच्याशिवाय कोणीच नव्हतं.

नादियाने काही झाकलं नाही. ती म्हणाली, "जवळजवळ सगळ्यांच्या पाठी झिजलेल्या आहेत. बायकांच्यासुद्धा. पुष्कळ जण तरुणपणी गेले."

"माझीपण झिजलीय," लोमान म्हणाले. हिल्डेने मान डोलावली.

"पण मोडलेली हाडं बघितली की कळतं, ती नीट बसवलेली आहेत," नादिया सांगत होती. "फळ्या बांधून, सरळ ठेवून. मोडलेला हात पुन्हा जुळलेला. काहींचे पाय कापावे लागलेत, आणि कापल्यानंतर ती माणसं कित्येक वर्षं जगलीयत. म्हणजे त्या वर्षांत कोणी तरी त्यांना जेवू घातलं, उचललं, धुतलं. त्यांना टाकून दिलेलं नव्हतं."

मी जर्मनमध्ये भाषांतर करत होते. 'टाकून दिलेलं नव्हतं' हे वाक्य मी दोनदा सांगितलं.

लोमान यांनी विचारलं, "पाय गेलेला. तो कुठे आहे?"

नादियाने थोडा विचार केला. हाडं प्रयोगशाळेत असतात, ती म्हणाली, पण अशांपैकी एक त्या तिथला. तिने बोट दाखवलं. कंबरेएवढं थडगं, वर घडवलेला एकच दगड, बाकी सगळा भराव.

लोमान एकटेच चढून गेले. हिल्डे पुढे जायला निघाली, मी तिचा हात धरला. त्यांनी टोपी काढली. प्रार्थना केली नाही, ते चर्चमध्ये जाणारे नव्हतेच. नुसते उभे राहिले. खाली पठारावर कोणत्या तरी मोहिमेच्या कामगारांची सुट्टी झाली होती, आणि ते डोक्याचे पंचे सोडत, एकमेकांना हाका मारत गावाकडे निघाले होते. उन्हं कलली होती, पिरॅमिडची सावली उतारापर्यंत आली नव्हती.

जर्मन कारखान्यात पाळी संपली, हत्यारं खाली ठेवली, की माणसं एकमेकांना एक शब्द म्हणतात. फायरआबेंड. आजचं काम झालं, आता घरी. नोकरीभर रोज लोमान यांनी तो आपल्या शिफ्टमधल्या प्रत्येक कोलेगंला, सोबत्याला, म्हटला असेल.

त्यांनी वाकून त्या दगडावर हात ठेवला, शेजारच्या यंत्रावरच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"फायरआबेंड, कोलेगं," ते म्हणाले.